आठवणीतले इंद्रधनुष्य

ग्लासगोहून क्लाइड नदीने खाली निघालेली आगबोट खाडीच्या रुंद पाण्यात शिरली की उजव्या हाताला अर्गाइलचा डोंगराळ किनारा लागतो. डनून गावाच्या थोडे पुढे, त्याच काठावर इनेलन आहे. 1870 च्या दशकात उन्हाळा आला की ग्लासगोच्या धुरातून सुटलेली कुटुंबे हवापालटासाठी इथे बिऱ्हाड थाटत आणि रविवारी गावच्या चर्चमध्ये जाऊन बसत. तिथला तरुण पाळक व्यासपीठावर उभा राही, स्तोत्र सांगे, बायबलातला उतारा म्हणे, मग हातात कागदाचा कपटाही न घेता लांबलचक प्रवचन करी. आवाज खणखणीत, मान ताठ, नजर थेट समोर. उपासना संपवून बाहेर पडताना एखादा गावकरी पाहुण्यांना सहज सांगून जाई की आमच्या पाळकांना दिसत नाही. अनेकांना ते आधी खरेच वाटत नसे.

स्तोत्रे, उतारा, प्रवचन, सगळे त्यांनी आठवडाभर कानांनी ऐकून मनात साठवलेले असे. आपल्याकडे अशा माणसासाठी ‘प्रज्ञाचक्षू’ हा सुंदर शब्द आहे. स्कॉटलंडमध्ये त्यांना रेव्हरंड जॉर्ज मॅथेसन म्हणत.

त्यांचा जन्म 27 मार्च 1842 चा, ग्लासगोचा. वडील व्यापारी. घर सुस्थितीतले आणि मुलाबाळांनी भरलेले. लहानपणापासूनच जॉर्जची नजर अधू होती. शाळेत तो जाड भिंगांचा चष्मा लावून, खिडकीजवळची उजेडाची जागा धरून, मोठ्या टाइपातले पुस्तक डोळ्यांना जवळजवळ चिकटवून वाचायचा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो ग्लासगो विद्यापीठात दाखल झाला आणि अठराव्या वर्षापर्यंत वाचण्यापुरतीही दृष्टी उरली नाही. ब्रेल लिपी तेव्हा ब्रिटनमध्ये रुजलेली नव्हती. अंध विद्यार्थ्यापुढे जवळजवळ एकच वाट होती: दुसऱ्या कुणीतरी वाचायचे आणि आपण ऐकायचे.

ते वाचणारे ‘दुसरे कुणीतरी’ म्हणजे त्याच्या बहिणी. मॅथेसनच्या चरित्रात ही गोष्ट बहुधा एका ओळीत येते, पण मला ती सगळ्यांत मोठी वाटते. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू आल्यावाचून चालत नव्हते. म्हणून बहिणी या भाषा शिकल्या. हिब्रूची लिपी वेगळी, उजवीकडून डावीकडे जाणारी, ग्रीकचीही वेगळी. त्या अक्षरांवरून बोट फिरवत मोठ्याने वाचायचे, भावाला हवे ते पुन्हा वाचायचे, त्याने तोंडी सांगितलेले उतरवून घ्यायचे. ज्या विद्यापीठाचा अभ्यास त्या घरात बसून असा करत होत्या, त्याचे दरवाजे त्यांच्यासाठी बंद होते. स्कॉटलंडच्या विद्यापीठांत स्त्रियांना पदवीसाठी प्रवेश मिळाला तो 1892 साली. तोवर जॉर्जला पदव्या मिळून पाव शतक उलटले होते. त्या पदव्यांवर नाव एकाचे आहे, कष्ट घरातल्या कितीतरी जणींचे.

विद्यापीठात त्याला जॉन केअर्ड यांच्यासारखे शिक्षक लाभले. केअर्ड हे त्या काळातले गाजलेले प्रवचनकार. जर्मन तत्त्वज्ञानाचे, विशेषतः हेगेलचे वारे त्यांच्या वर्गात जोरात वाहत होते. श्रद्धा आणि विचार यांची फारकत करायची नाही, ही शिकवण मॅथेसनने तिथून उचलली. 1866 मध्ये त्याला प्रवचनाचा परवाना मिळाला, ग्लासगोच्याच सँडीफर्ड चर्चमध्ये त्याने काही काळ सहायक म्हणून काम केले आणि 1868 मध्ये इनेलनच्या मंडळीने त्याला आपला पाळक म्हणून निवडले. ‘निवडले’ हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे. प्रेस्बिटेरियन पंथात वरून पाठवणारा बिशप नसतो. मंडळीचा कारभार पाळक आणि लोकांतले वडीलधारे मिळून पाहतात. ग्रीक ‘प्रेस्बिटर’चा अर्थच वडीलधारा. आसपासच्या मंडळ्यांची मिळून एक प्रेस्बिटरी असते आणि पाळकाची नेमणूक, तक्रार, राजीनामा सगळे तिच्यापुढे येते.

मॅथेसन यांच्यावरही त्या प्रेस्बिटरीपुढे राजीनामा ठेवण्याची वेळ आली.

इनेलनला आल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात एक दिवस त्यांच्या लक्षात आले की आपला कशावरच विश्वास उरलेला नाही. देव नाही, अमरत्व नाही, काहीच नाही. त्या क्षणी आपण हादरून गेलो, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. दर रविवारी व्यासपीठावर उभे राहून जे सांगायचे ते मनात नसेल, तर ती जागा अडवून बसण्याचा आपल्याला अधिकार नाही, असा विचार करून त्यांनी प्रेस्बिटरीकडे राजीनामा दिला. तो हायलँडचा मुलूख, कर्मठपणासाठी ओळखला जाणारा. नास्तिक पाळकाला तिथे क्षणभरही थारा मिळणार नाही, असेच कुणालाही वाटले असते. पण प्रेस्बिटरीतल्या मंडळींनी राजीनामा स्वीकारला नाही. तुम्ही तरुण आहात, बदलाल, एवढेच त्यांनी सांगितले. मॅथेसन यांनी त्या उदारपणाचे ऋण आयुष्यभर मानले. ते खरेच बदलले, पण शंका गाडून टाकून नव्हे. श्रद्धेला शंकेच्या पलीकडून वाट काढत यावे लागते, हे त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनात कळत राहते.

इनेलनमध्ये ते अठरा वर्षे राहिले. लग्न केले नाही. बहिणींतली थोरली त्यांचे घर सांभाळायला आली आणि अखेरपर्यंत त्यांच्यासोबत राहिली. ती वाचून दाखवी, पत्रे लिही, मंडळीतल्या घरांना भेटी देताना बरोबर असे. याच गावात 1874 मध्ये जर्मन धर्मशास्त्राची ओळख करून देणारे त्यांचे पहिले पुस्तक झाले. 1877 मध्ये ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातून त्याच्या आत्म्याची वाढ कशी होत गेली, हे सांगणारा दोन खंडांचा ग्रंथ आला. एडिंबरा विद्यापीठाने 1879 मध्ये त्यांना डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी दिली. ग्रंथाचे कौतुक झाले, तशा टीकाकारांनी तपशिलाच्या चुकाही दाखवल्या. मूळ साधनांची पाने स्वतः चाळून पाहता येत नाहीत, शंका आली तर पटकन मागचे प्रकरण उघडता येत नाही, अशा अभ्यासकाला इतिहासलेखन किती जड जात असेल! पुढे त्यांचा कल बदलत गेला. भक्तिपर चिंतनाची छोटी-छोटी पाने ते लिहू लागले, आणि त्या पुस्तकांनी त्यांना घराघरांत नेले.

याच वळणावर ते गीत येते.

ते काय घेऊन आले हे कळायला स्कॉटलंडच्या चर्चमधल्या गाण्याची हकिकत थोडी सांगायला हवी. 1560 मध्ये धर्मसुधारक जॉन नॉक्सच्या काळात स्कॉटलंडने रोमन चर्चशी नाते तोडले आणि उपासनेतून वाद्ये व सजावट हद्दपार होत गेली. उरली ती बायबलातली दाविदाची स्तोत्रे, इंग्रजी छंदात बसवलेली. त्यांचा 1650 चा संग्रह हीच दोन शतके स्कॉटिश उपासनेची गाथा होती. ऑर्गन नाही, वाद्य नाही. एक गायक पुढे उभा राहून चाल धरी आणि मंडळी बसूनच त्याच्यामागून संथ स्वरात म्हणत. माणसाने रचलेले गीत देवाच्या घरात कशाला, असा प्रश्न कळकळीने विचारला जाई. होरेशियस बोनर हे फ्री चर्चचे पाळक. त्यांनी सहाशेच्या आसपास गीते लिहिली आणि ती इंग्रजी बोलणाऱ्या जगभर गायली गेली. पण त्यांच्या स्वतःच्या मंडळीत मात्र त्यांच्या उतारवयापर्यंत स्तोत्रांखेरीज काही गायले जात नव्हते. एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये 1860 च्या दशकात तिथले पाळक रॉबर्ट ली यांनी वाद्य आणले, तेव्हा प्रकरण पार चर्चच्या महासभेपर्यंत गेले. 1870 मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडने आपला गीतसंग्रह काढला आणि बांध हळूहळू फुटला. मराठी वाचकाला यातला ताण परका वाटणार नाही. उपासनेत कोणत्या चाली चालतील, हा प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांपुढेही होता, आणि त्यांनी ओवी-अभंगाच्या वळणाची भजने रचून त्याला उत्तर दिले. मॅथेसन यांच्या पिढीतल्या स्कॉटिश पाळक-कवींसाठी गीत लिहिणे म्हणजे नुकतेच उघडलेले एक दार होते.

6 जून 1882. इनेलनमधले पाळकांचे घर. त्या दिवशी मॅथेसन यांच्या एका बहिणीचे ग्लासगोला लग्न झाले होते आणि घरातली बाकीची माणसे रात्रीपुरती तिकडेच राहिली होती. मॅथेसन घरी एकटे. त्यांच्या मनाला तीव्र यातना देणारे काहीतरी घडले होते. ते काय होते, हे आपल्याखेरीज कुणालाही ठाऊक नाही, एवढेच त्यांनी पुढे सांगितले. त्या यातनेतून गीत आले, पाच मिनिटांत. आतल्या कुण्या आवाजाने मजकूर सांगावा आणि आपण तो उतरवावा, तसे. नंतर त्यावर पुन्हा हात फिरवला नाही, असेही ते म्हणाले. आपल्याला लयीची उपजत देणगी नाही, आपल्या बाकीच्या कविता घडवलेल्या आहेत, ही एकच आपोआप उगवली, अशी त्यांची स्वतःची भावना होती.

‘ओ लव्ह दॅट विल्ट नॉट लेट मी गो’ या नावाने हे गीत जगाला माहीत आहे. चार कडवी. पहिल्यात माणसाला न सोडणारे प्रेम, समुद्रासारखे खोल. दुसऱ्यात मिणमिणती मशाल, सूर्याला परत केलेली. तिसऱ्यात पावसातले इंद्रधनुष्य. चौथ्यात क्रूस आणि जमिनीतून उमलणारा लाल रंग. ज्या माणसाला वीस वर्षे काही दिसले नव्हते, त्याच्या गीतात एवढा उजेड आणि एवढे रंग आहेत. हे सगळे त्याने पाहिले होते ते अठरा वर्षांचा होईपर्यंत, अधू डोळ्यांनी. म्हणून मला ते इंद्रधनुष्य नुसता काव्यातला अलंकार वाटत नाही. क्लाइडच्या खाडीवर पाऊस आणि ऊन यांचा खेळ रोजचा असतो, आणि ज्याला तो पुन्हा कधीच दिसणार नाही तो माणूस आठवणीतून त्याला हाक मारतो आहे.

गीत गाजले तशी त्याच्याभोवती एक दंतकथा वाढली. ती आजही प्रवचनांतून सांगितली जाते. मॅथेसन यांची दृष्टी जाणार हे कळल्यावर त्यांच्या वाग्दत्त वधूने लग्न मोडले, तिने सोडले म्हणून न सोडणाऱ्या प्रेमाचे गीत झाले, अशी ती कथा. ऐकायला हृदयस्पर्शी आहे, पण हिशेबात बसत नाही. दृष्टी गेली तेव्हा ते अठरा-वीस वर्षांचे होते, गीत लिहिले तेव्हा चाळिशीचे. मधे वीस वर्षांचे काम, पुस्तके आणि एका गावाचा सहवास आहे. त्यांनी गीताच्या जन्माची हकिकत सांगितली, तीत कुठल्याही वाग्दत्त वधूचा उल्लेख नाही. जिवाभावाची बहीणच त्या दिवशी लग्न होऊन निघून गेली, ही त्या कथेची दुसरी आवृत्ती. तीही टिकत नाही, कारण त्यांचे घर सांभाळणारी थोरली बहीण पुढे शेवटपर्यंत त्यांच्याबरोबरच होती. त्या संध्याकाळचे दुःख त्यांनी आपल्यापाशी ठेवले. ते तसेच राहू द्यावे, असे मला वाटते. दंतकथेने मात्र एक अन्याय केला. नसलेल्या प्रेयसीला तिने या गीताच्या मध्यभागी आणून बसवले आणि खरोखर असलेल्या बहिणींना पडद्याआड ढकलले.

चर्चच्या ‘लाइफ अँड वर्क’ मासिकात गीत छापून आले. पुढे गीतसंग्रहाची नवी आवृत्ती निघताना समितीने त्यातला एक शब्द बदलायला सांगितला. मॅथेसन यांनी मुळात इंद्रधनुष्यावर चढण्याची कल्पना केली होती. समितीला ती फार धाडसी वाटली, आणि त्या क्रियापदाऐवजी पावसातून इंद्रधनुष्याचा माग काढण्याचे क्रियापद आले. आज जगभर हीच ओळ गातात. माझे मन मूळ शब्दाकडे जाते. माग काढायला डोळे लागतात, चढायला हातपाय पुरतात, आणि अंधारात एक एक पायरी चाचपत वर जाणे या माणसाला रोजचेच होते.

चाल दिली अल्बर्ट पीस यांनी. ते ग्लासगो कथीड्रलचे ऑर्गनवादक आणि गीतसंग्रहाच्या नव्या आवृत्तीचे संगीत संपादक. ॲरन बेटाच्या वाळूत बसून गीत वाचता वाचता त्यांना चाल सुचली, आणि पहिल्या स्वराची शाई वाळायच्या आत शेवटचा लिहून झाला, असे ते सांगत. चालीचे नाव ‘सेंट मार्गारेट’. शब्द आणि चाल दोन्ही एका झटक्यात झालेली, एक खाडीच्या काठावर, दुसरी त्याच खाडीतल्या बेटावर.

यानंतर मॅथेसन यांचे नाव दूरवर गेले. 1885 च्या शरद ऋतूत बॅल्मोरलला व्हिक्टोरिया राणीपुढे प्रवचन करण्याचे निमंत्रण आले. त्यांनी विषय घेतला ईयोबाचा, सगळे गमावूनही धीर न सोडणाऱ्या माणसाचा. चोवीस वर्षांपूर्वी पतीच्या मृत्यूने खचलेल्या राणीला तो विषय भिडला आणि तिने प्रवचन छापून मागितले. पुढच्याच वर्षी, 1886 मध्ये, एडिंबराच्या सेंट बर्नार्ड चर्चने त्यांना बोलावले. तिथल्या मंडळीत दीड हजारांहून अधिक सभासद होते. इनेलनमध्ये पायाखालची वाट ओळखीची होती, इथे सगळेच नवे. तरी त्यांनी घरोघरी भेटींचा नेम चालू ठेवला. जिन्यांच्या उंच इमारतींतली ती घरे, बहीण किंवा मदतनीस सोबत, आणि दार उघडणाऱ्याला आवाजावरून ओळखणारा पाळक. इतक्या माणसांचे आवाज स्मरणात ठेवणे हेही ग्रंथ लिहिण्याइतकेच मोठे काम आहे.

1890 मध्ये ‘सेक्रेड साँग्ज’ हा त्यांचा एकमेव कवितासंग्रह निघाला. आपल्या इतर कविता घडवलेल्या आहेत, हे त्यांचे म्हणणे या संग्रहापुढे मला पटत नाही. यातले एक गीत बंदिवासात स्वातंत्र्य शोधते: देवाने मला कैद करावे म्हणजेच मी मोकळा होईन, तलवार खाली ठेवीन तेव्हाच जिंकेन. विरोधाभासांनी बांधलेले, पण प्रत्येक कडव्यात तो विरोधाभास अधिक खोल जातो. भक्तिकाव्यावर वाढलेल्या मराठी कानाला ही भाषा ओळखीची वाटेल.

दुसरे गीत अधिक धाडसी. सगळ्या पंथांना एका छपराखाली गोळा कर, अशी ते देवाला विनवणी करते आणि मग एकेका संस्कृतीचे देणे मोजते: रोमचे बळ, ग्रीसचा आनंद, यहुदी नियमशास्त्र, भारताची गूढ ओढ, पारशांचे पापनाशक तेज, बौद्धांची विश्रांती, चीनचे स्वप्न. हे सगळे, त्यांच्या मते, ख्रिस्तातच एकत्र येते. म्हणजे ते आपल्या धर्माच्या अंगणातूनच बोलत आहेत. तरीही या यादीचे महत्त्व कळायचे तर मुंबईकडे पाहावे लागेल. जॉन विल्सन हेही स्कॉटिश प्रेस्बिटेरियन पाळक. 1839 मध्ये मुंबईत त्यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेले, पारशी समाज संतापला. चार वर्षांनी, 1843 मध्ये, विल्सन यांनी झेंद अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच खंडन हा हेतू जाहीर केला. अभ्यास अफाट, रोख वादाचा. त्यानंतर अर्धे शतकही उलटले नव्हते, आणि त्याच परंपरेतला एक अंध पाळक पारशांच्या तेजाला चर्चमध्ये गाण्याच्या गीतात मानाची जागा देत होता. 1892 मध्ये त्यांनी जुन्या धर्मांच्या वेगवेगळ्या संदेशांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्यात चीन, इराण, ग्रीस, इजिप्त यांच्याबरोबर भारतालाही स्थान आहे. प्रत्येक धर्माचे काही स्वतःचे सांगणे आहे आणि ते ऐकून घेतले पाहिजे, ही त्यामागची धारणा. ऐकण्यावरच ज्याचे सगळे ज्ञान उभे होते, त्या माणसाकडून ती यावी हे मला फार योग्य वाटते.

उत्तरायुष्यात ते ब्रेल शिकले, टंकलेखनही शिकले. 1899 मध्ये सेंट बर्नार्डची जबाबदारी सोडली आणि पूर्ण वेळ लेखनाला दिला. बायबलमधल्या व्यक्तींची शब्दचित्रे, ख्रिस्ताच्या प्रतिमेवरचे चिंतन, शांत घटकांसाठी छोटी पाने. आयुष्यभरात वीसहून अधिक पुस्तके झाली. त्यांतली बहुतेक आज कुणी उघडत नाही. त्यांची शैली फुलोऱ्याची होती, ऐकण्यासाठी बांधलेली. छापील पानावर ती कधी कधी लांबते. चिंतनिकांची छोटी पुस्तके मात्र आजही नव्याने छापली जातात.

28 ऑगस्ट 1906 रोजी, नॉर्थ बेरिकला समुद्रकाठी राहायला गेले असताना मेंदूच्या आघाताने त्यांचे निधन झाले. वय चौसष्ट. त्यांना ग्लासगोला आणून तिथल्या नेक्रोपोलिस या टेकडीवरच्या दफनभूमीत पुरले. टेकडीवरून खाली पाहिले की समोर ग्लासगो कथीड्रलचे छप्पर दिसते. त्याच कथीड्रलचा ऑर्गन वाजवणाऱ्या हाताने त्यांच्या गीताला चाल दिली होती. अल्बर्ट पीस मात्र तेव्हा तिथे नव्हते. 1897 सालीच ते लिव्हरपूलच्या सेंट जॉर्ज हॉलमध्ये ऑर्गनवादक म्हणून निघून गेले होते.